पिंजऱ्याच्या दारातला कांदा

पिंजऱ्याच्या दारात कांदा होता.

मुठीएवढा पांढरा कांदा, जुन्या साडीच्या चिंधीत बांधलेला. चिंधीचं टोक गजाला गाठ मारून अडकवलेलं आणि कांदा नेमका दाराच्या फटीत बसलेला. लांबून दार लागल्यासारखं दिसत होतं, पण कडी बसलेली नव्हती. बर्फाची पिशवी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. माझ्या मागून चारू आली. तिने वाकून पिंजऱ्यातल्या लाकडी खोक्यात पाहिलं, वरच्या फळीवर पाहिलं आणि म्हणाली, "आई, राखुंडी नाहीये."

राखुंडी म्हणजे आमची चिंचिला. माझा दीर निखिलेश पुण्यात असताना त्याने ती पाळली होती. परदेशात नोकरी लागली तेव्हा तो तिला पिंजऱ्यासकट अकोल्याला आमच्याकडे ठेवून गेला. खारीपेक्षा मोठी, सशापेक्षा लहान, करड्या रंगाची, कान पिंपळाच्या कोवळ्या पानासारखे पातळ. अंगावर फर इतकी दाट, की फुंकर घातली तरी आतली कातडी दिसत नाही. मूळची ती दक्षिण अमेरिकेतल्या थंड, कोरड्या डोंगरांतली. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिला कमरेवर हात ठेवून न्याहाळलं होतं. "एवढी लोकर अंगावर घेऊन अकोल्याले आली? बाप्पा! इले कोनी सांगतलं नाई का इथं काय ऊन असते ते?"

नावही त्यांनीच ठेवलं. चिंचिलाला पाण्याने आंघोळ घालत नाहीत. ओली झाली तर तिची फर आतून वाळतच नाही, ती आजारी पडते. तिला बारीक करडी माती द्यायची, त्यात ती गिरक्या घेत लोळते आणि स्वच्छ होते. ते बघून सासूबाई म्हणाल्या, "ही तं राखुंडीत लोळून राह्यली!" चारूला ते नाव इतकं आवडलं, की निखिलेशने ठेवलेलं इंग्रजी नाव दुसऱ्याच दिवशी आम्ही विसरलो.

चारू तेव्हा सात वर्षांची होती. ती सातव्या महिन्यात जन्मली होती आणि पहिले कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. पुढेही तिची छाती नाजूकच राहिली. धूळ उडाली, धूप लावला, फोडणीचा ठसका बसला, की मी आधी तिच्याकडे बघायचे. ती झोपली की नाकाशी हात धरायचे. ती दुसऱ्या खोलीत गेली की कुठलं तरी काम काढून त्या खोलीत जायचे. मला कोणी हसलं तर हसू दे, असं मी तेव्हा म्हणायचे.

त्यामुळे राखुंडी आली तेव्हा मी मिळेल ते सगळं वाचून काढलं. निखिलेशच्या मोकळ्या खोलीत एसी होता, ती खोली तिला दिली. कुलर नाही, कारण कुलरची हवा दमट. खायला सुकं गवत, मनुका-बेदाणे बंद. तिला संध्याकाळी खेळायला सोडायची म्हणजे आधी तासभर माझी तयारी चालायची. वायरी सगळ्या वर बांधून टाकायच्या, कारण हिचे दात आयुष्यभर वाढतात आणि ती दिसेल ते कुरतडते. खिडकी बंद, दार बंद. लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत एक जाड गोधडी घट्ट कोंबून ठेवायची, कारण ही तिथे शिरली तर कपाट हलवायचं कोणी? मातीच्या आंघोळीच्या वेळी मात्र चारूला खोलीबाहेर काढायचं. ती माती पिठाहून बारीक, खोलीभर तरंगते.

बाकी खेळाचे नियम चारूला माझ्यापेक्षा पाठ होते. वर्गातल्या मैत्रिणी आल्या की ती बाईंसारखी सांगायची, "मागे पळायचं नाही. शेपूट धरायची नाही. वरून हात घालायचा नाही, तिला वाटतं घार आली. खाली बसायचं. ती येते."

"आणि नाही आली तर?" एकदा एकीने विचारलं.

"तर नाही आली."

त्या दिवशी मे महिन्यातली दुपार होती. गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून गेला आणि सगळीकडची लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखे चालायचे, एसी नाही. राखुंडीच्या पिंजऱ्यात संगमरवराची एक लादी होती, तीवर ती पसरून बसली. मोज्यात घालून पिंजऱ्यात ठेवायच्या बर्फाच्या बाटल्या आधीच्या रात्रीपासून रिकाम्या होत्या. प्रणव, माझा नवरा, कामासाठी बाहेरगावी होता. म्हणून मी चारूला घेऊन कोपऱ्यावर बर्फ आणायला गेले. चारूला घरी ठेवायला हवं होतं हे मला माहीत होतं, पण मी तिला ठेवून कुठे जात नसे.

परत येतो तर कांदा.

"आई!" मी हाक मारली. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या हातात ओला पंचा होता, पिळून घडी केलेला.

"हा कांदा तुम्ही लावलात?"

"हो, काऊन? ऊन लागू नये म्हणून. प्रणवच्या खिशात नाई देत का मी? तिले खिसा नाई, म्हणून दाराले बांधला." मग त्यांनी पिंजरा पाहिला. "कुठं गेली?"

"दार उघडं राहिलं त्या कांद्यामुळे."

त्यांच्या हातातला पंचा खाली आला. मी कांदा सोडून उलटसुलट करून पाहिला. दाताची खूण नव्हती. कांदा तिच्या पोटात गेला असता तर विषच. तेवढं तरी वाचलं होतं.

मग माझी नजर खिडकीवर गेली. खिडकीला गोधडी लावलेली होती. कपाटामागची गोधडी.

"उन्हाची तिरीप येत होती तिच्या अंगावर," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या.

चारू तोवर कपाटाशी आडवी झाली होती. गाल फरशीला लावून ती फटीत बघत होती. "इथे आहे. भिंतीला चिकटून बसलीय. आई, तिचे कान लाल झालेत."

ती भिंत पश्चिमेची. मी तिला हात लावला आणि चटकन मागे घेतला. कान लाल होणं म्हणजे अंगातली उष्णता बाहेर टाकायला आता जागा उरलेली नाही. हे मी वाचलं होतं. त्याच्या पुढे काय होतं, तेही वाचलं होतं.

"कपाट ओढू," मी म्हटलं.

"भरलेलं हाय ते! माणसं लागतात त्याले. अन् ओढताना तिच्यावर गेलं तं?" सासूबाई बाहेर गेल्या आणि झाडू घेऊन आल्या. "दांड्यानं हळूच ढकलू का इकडे? नाई तं पंचा टाकतो, थंड वाटंल तिले."

"ओलं नको! आई, ओलं अजिबात नको. आणि झाडूही नको."

"मंग काय करू सांग ना! मले काई तं करू देशील?"

मी फरशीवर बसून फटीत हात घातला. खांद्यापर्यंत. बोटांना मऊ काहीतरी लागलं, मी धरलं, आणि ते सुटलं. हात बाहेर काढला तर मुठीत करड्या फरचा पुंजका होता, नुसता पुंजका. घाबरली की चिंचिला फर सोडून निसटते. शत्रूच्या तोंडात लोकर राहते, जीव पळून जातो. फटीतून भुंकल्यासारखा एक बारीक आवाज आला आणि ती आणखी आत सरकली.

त्या पुंजक्याकडे बघताना माझे डोळे भरून आले. "चारू, तू बाहेर हो. आजीबरोबर जा. मी बघते."

चारू हलली नाही. "आई, तूच बाहेर जा."

"काय?"

"तुझा श्वास मोठमोठ्याने चाललाय. तिला ऐकू जातो. तिचे कान बघ केवढे आहेत." ती अगदी सावकाश बोलत होती, खेळाच्या वेळी बोलायची तशी. "आजी, तू पण जा. झाडू घेऊन जा. मी तिचं मडकं ठेवते."

मडकं म्हणजे राखुंडीची न्हाणी. कुंभाराकडून आणलेलं लहानसं मडकं आम्ही आडवं ठेवत असू. त्यात माती टाकली की तिच्या सळसळीनेही ती कुठूनही धावत येई आणि आत शिरून लोळे. कोरडं, गार, अंधारं. खरं तर यापेक्षा चांगला उपाय मलाही सुचला नसता. पण बंद खोली, उकाडा, ती पिठासारखी माती आणि माझी चारू.

"नाही," मी म्हटलं. "माती मी टाकते. तुला धूळ चालत नाही."

"तुझ्याकडे ती येणार नाही. तू आत्ता तिला ओढलंस." चारूने ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. बाहेर ऊन आहे, तसं सांगितलं. "मी रुमाल बांधते ना तोंडाला. आई, जा ना. कान बघ तिचे."

मी उठले नाही. मला उठवलं सासूबाईंनी. दंडाला धरून, जवळजवळ ओढतच. दाराबाहेर आल्यावर त्यांनी दार आवाज न करता लोटून घेतलं आणि त्या दाराला पाठ लावून खाली फरशीवर बसल्या, पाय पसरून. आता त्यांना ओलांडल्याशिवाय मला आत जाता येणार नव्हतं.

"आई, बाजूला व्हा."

"बस."

"तिला श्वास लागला तर? तुम्हाला माहीत आहे ना..."

"मले माहीत नाई?" त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या, समोरच्या भिंतीकडे बघत. "ती पेटीत होती, तवा तू आत बसाची. पेटीच्या भोकातून हात घालून. आत एकालेच सोडत. मी कुठं होती?"

मी दाराच्या कडीकडे बघत होते.

"बाहेर. त्या लोखंडी बाकड्यावर. दार उघडलं का उठाची, नर्स दुसऱ्याच कोनाचं नाव घेई, का बसाची. मले कोनी विचारलं का, बाई तू कशी बसली म्हणून?" त्यांनी शेजारच्या फरशीवर हात थोपटला. "बाहेर कसं बसाचं, ते मले येते. ये. बस इथं."

मी बसले.

सात वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं. ते दिवस मला मिनिटामिनिटाने आठवत होते. पेटीचा उबदारपणा, तिचं नखाएवढं बोट, यंत्राचा आवाज. त्या सगळ्यात दाराबाहेर एक बाकडं होतं आणि त्यावर कोणी बसलेलं होतं, हे माझ्या आठवणीत कुठेच नव्हतं. डबा यायचा. धुतलेले कपडे यायचे. ते कोण आणायचं?

आतून माती ओतल्याची सळसळ ऐकू आली. मग चारू खोकली.

मी ताडकन उठायला गेले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा तळहात ओल्या पंच्यामुळे अजून गार होता.

"आई, खोकली ती!"

"खोकली म्हणजे श्वास घेऊन राह्यली. बस."

पुन्हा खोकला. एकदा, दोनदा. मग आवाज बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं. मी दाराला कान लावला. काहीच नाही. गल्लीतून कोणाचा तरी जनरेटर सुरू झाल्याची धडधड तेवढी येत होती.

"तुम्ही काय करायचात तेव्हा?" मी कुजबुजले. "त्या बाकड्यावर?"

"काई नाई. आधी आधी देवाचं नाव घेई. मंग तेबी सुचेना. मंग समोर एक फरशी फुटकी होती, तिच्याकडे पाहत बसाची." त्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. "अन् तुले शिव्या देई मनात."

"मला?"

"तुले नाई तं कोनाले? आत तू होती ना! मले एकदा तरी बोट लावू देती."

मला हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही. सासूबाईंनी पदराचं टोक माझ्याकडे सरकवलं. "आवाज नको करू. ऐकू जाते म्हणे तिले."

आम्ही दोघी तशाच बसलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. माझं मनगट त्यांच्या हातातच होतं. मी सोडवून घेतलं नाही. हळूहळू माझा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर खाली-वर होऊ लागला.

मग आतून चारूचा आवाज आला, रुमालामुळे दबलेला. "आई. दार उघड. पण हळू."

ती फरशीवर बसलेली होती. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर करडी माती. मडकं तिच्या मांडीवर होतं आणि मडक्याच्या तोंडावर तिने राखुंडीची खायची ताटली धरली होती, हवा जायला थोडी फट ठेवून. फटीतून मिशा दिसत होत्या.

"मी झोपून राहिले नुसती," ती म्हणाली. "डोळे मिटून. ती माझ्या पोटावरून गेली."

तिची छाती वाजत नव्हती. हे मी बघून घेतलं. बघितल्याशिवाय कशी राहणार?

जनरेटरचा आवाज आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरून येत होता. तिथे डॉ. गावंडे बाईंचा दातांचा दवाखाना होता, आणि जनरेटरवर त्यांचा एसी चालायचा. मी चारूकडून मडकं घ्यायला हात पुढे केले, आणि मागे घेतले. "तूच धर. आम्ही दारं उघडतो."

दवाखान्यात गारेगार होतं. गाल सुजलेले एक काका खुर्चीत बसले होते. गावंडे बाईंनी मास्क खाली करून आमची वरात पाहिली. मातीने माखलेली मुलगी, मडकं, रडून डोळे सुजलेली मी, आणि मागे हातात संगमरवरी लादी घेतलेल्या सासूबाई.

"कोणाचा दात दुखतोय?" त्यांनी विचारलं.

"दात नाही दुखत, हिला ऊन लागलंय," चारू म्हणाली. "पण दात आहेत. वीस. पुढचे नारिंगी."

"नारिंगी? अरे बापरे. साफ करायला लागतील."

"नाही! नारिंगी म्हणजे चांगले. पांढरे झाले तर ती आजारी."

सुजलेले काका गाल धरून म्हणाले, "मॅडम, माझे पण नारिंगीच आहेत. सोडा मला घरी."

बाईंनी आतली लहान खोली उघडून दिली. बाहेरच्या कोणाला तिथे जाऊ दिलं नाही, दिवाही मालवला. फोनवर पुण्याच्या जनावरांच्या डॉक्टरांशी बोलताना माझा आवाज शांत होता, हे माझंच मला नवल वाटलं. लादीवर बसू द्या, ते म्हणाले. वाऱ्याच्या झोतात नको, ओलं करू नका, पाणी जवळ ठेवा पण जबरदस्ती नको. कान बघत राहा. रंग उतरला की निभावलं समजा.

चारू मडक्याशेजारी बसून कान बघत राहिली. सासूबाई दाराच्या चौकटीत थांबल्या होत्या. आत यायला त्या धजत नव्हत्या. मग एकदम म्हणाल्या, "चारू, मले काई समजलं नाई, बाई. चांगल्यासाठीच बांधला होता मी."

चारूने वर पाहिलं. आजी कशाबद्दल बोलतेय हे कळायला तिला थोडा वेळ लागला. "कांदा? कांदा तिला चालत नाही, आजी." मग तिने विचार केला. "पण तुझा हात चालेल. ये, बस. असा ठेव, उलटा. हलवायचा नाही."

"मी? नको बाई, चावंल."

"नाही चावत. तिच्या मागे गेलं तरच घाबरते."

सासूबाई गुडघ्यांवर हात देत खाली बसल्या. त्यांनी तळहात फरशीवर उघडा ठेवला. भाकरी थापून थापून रुंद झालेला हात. मडक्याच्या तोंडातून आधी मिशा आल्या, मग नाक. मग कान. पातळ, फिकट, पिंपळपानासारखे. राखुंडीने लादी सोडून एक पाऊल पुढे टाकलं, आजीच्या करंगळीचा वास घेतला, आणि आपल्या पुढच्या दोन इवल्या पंजांनी ती करंगळी धरली.

"बाप्पा," सासूबाई श्वासाइतक्या हळू म्हणाल्या. "बोट धरलं इनं माझं."

"हलू नको," चारू म्हणाली.

"नाई हालत."

चारू आता माझ्यापेक्षा उंच आहे. दवाखान्याची ती आतली खोली किती लहान होती, हे तिला आठवतही नसेल. पण त्या दिवशी आम्ही तिघी आत मावलो असतो. मला पाऊल टाकायची जागा होती, कोणी अडवलंही नव्हतं. मी दार अर्धं लोटलं आणि बाहेरच्या बाकड्यावर, सुजलेल्या काकांच्या शेजारी, जाऊन बसले.

"आत काही सिरियस आहे का, ताई?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आत सगळं ठीक आहे."